बुलडॉगचा कान पुन्हा पुन्हा वाहतो तेव्हा: स्टिरॉइड कधी, किती आणि कशावर लक्ष ठेवायचं

मृगाचा पाऊस लागला की बेळगाव-खानापूर पट्ट्यात बुलडॉग पाळणाऱ्या घरांतून तक्रार ठरलेली. कान लाल झालाय, आंबूस वास मारतोय, रात्रभर मान झटकतोय, स्वतः झोपत नाही आणि घराला झोपू देत नाही. डॉक्टरकडे नेलं, इंजेक्शन दिलं, दोन दिवसांत कुत्रं ठणठणीत. तीन-चार आठवडे बरे जातात आणि परत तेच. मग आपणच म्हणतो, "डॉक्टर, गेल्या वेळचंच एक इंजेक्शन देऊन सोडा की." अशी चार-पाच इंजेक्शनं झाली की कुत्र्याचं पोट सुटतं, मागचे पाय बारीक दिसायला लागतात, पाण्याचं भांडं दिवसातून चारदा भरावं लागतं. कान मात्र होता तसाच.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. सुजून बंद झालेला बुलडॉगचा कान उघडायला त्याच्याइतकं लवकर काम करणारं दुसरं फारसं काही नाही. पण त्याचं काम सूज आणि खाज उतरवण्यापुरतं. कान ज्यामुळे बिघडला ते कारण शोधायला त्यामुळे चार आठवडे हातात येतात. ते आठवडे आपण "बरं झालं" म्हणून घालवले, की पुढच्या वेळी पुन्हा स्टिरॉइडच लागतं. हा लेख ते आठवडे कसे वापरायचे त्याबद्दल आहे. औषधांचे आकडे खाली दिले आहेत ते डॉक्टरांनी लिहिलेला कागद तुम्हाला समजावा म्हणून. त्यावरून घरच्या घरी गोळ्या सुरू करू नका.

बुलडॉगच्याच कानाला का?

कुत्र्याची कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग आत वळते. या वळणामुळे मळ, पाणी, पू आपोआप बाहेर पडत नाही. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ हाउंडचं तोंड लांब, डोकं निमुळतं. इंग्लिश आणि फ्रेंच बुलडॉगची कवटी आखूड, त्यामुळे कानाची नळीही दाबलेली आणि जन्मापासूनच अरुंद. इंग्लिश बुलडॉगचा कान वरून मागे दुमडलेला असतो, आत वारा कमी लागतो. फ्रेंच बुलडॉगचे कान वटवाघळासारखे उभे, म्हणून लोकांना वाटतं त्याला त्रास नसावा, पण आतली नळी त्याचीही अरुंदच. शिवाय आखूड तोंडाच्या जातींत पडद्यामागच्या मधल्या कानात द्रव साठलेला बरेचदा सापडतो, बाहेरून काही दिसत नसतानाही.

ही झाली जन्माची अडचण. पण अरुंद नळी एकटी कान वाहवत नाही, तिच्यावर काहीतरी पडावं लागतं. बहुतेक वेळा ते ॲलर्जी असतं: धुळीतल्या माइट किड्यांची, परागकणांची किंवा खाण्यातल्या एखाद्या गोष्टीची. ॲलर्जीने कानाची कातडी सुजते, ओलसर होते, आणि तिथे एरवी गुपचूप राहणारं मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट आणि स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू फोफावतात. म्हणजे आपण ज्याला "इन्फेक्शन" म्हणतो ती दुसरी पायरी. थेंब घालून यीस्ट मारलं, ॲलर्जी तशीच राहिली, तर महिन्याभरात यीस्ट परत हजर. वारंवार सुजून नळीची कातडी जाड होत गेली, की ती स्वतःच पुढच्या दुखण्याचं कारण बनते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वेळेलाच मुळाशी जाणं स्वस्त पडतं, पैशानेही आणि कुत्र्याच्या जिवानेही.

आधी घरी नीट बघा

दिवसाच्या उजेडात ओसरीवर बसवून दोन्ही कान उलटून बघा आणि वास घ्या. आंबूस, जुनाट तुपासारखा वास आणि तपकिरी चिकट मळ असेल तर बहुधा यीस्ट. पिवळा-हिरवट पातळ पू आणि नाक मुरडावं असा घाण वास असेल तर जंतू, त्यातही स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू असू शकतो. काळपट, कोरडा, भुकटीसारखा मळ आणि घरातल्या मांजरालाही खाज असेल तर कानातले माइट. एकाच कानाला अचानक त्रास सुरू झाला, विशेषतः पावसाळ्यानंतर माळावर फिरून आल्यावर, तर कुसळ आत गेलंय का ते बघायलाच हवं. गोचीडही कानात शिरून बसतो. हे सगळं अंदाजाचं आहे, निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं.

कानाबरोबर बाकीचं अंगही बघा. पंजे चाटून केस तांबूस झालेत का, बोटांच्या मध्ये लाली आहे का, काखा-जांघा-पोट लाल आहे का, तोंडाच्या वळ्यांत ओल आहे का. कान आणि पंजे एकत्र दुखत असतील, तर ॲलर्जीचा संशय पक्का धरा.

दवाखान्यात: स्वॅब घेतल्याशिवाय उठू नका

माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा. दोन्ही कानांतून वेगवेगळ्या कापसाच्या काडीने मळ घ्यायचा, काचेच्या स्लाइडवर फिरवायचा, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. काही मिनिटांचं काम, खर्चही फार नाही. यीस्ट आहे, गोल जंतू आहेत की काडीसारखे लांबट जंतू आहेत, हे लगेच कळतं. औषध त्यावरून ठरतं. काडीसारखे जंतू दिसले किंवा नीट औषध घालूनही कान बरा होत नसेल, तर कल्चर करून, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते तपासून घ्यायचं. नुसता बॅटरीचा उजेड टाकून "इन्फेक्शन आहे" म्हटलं आणि थेंब लिहून दिले, तर अदबीने विचारा, "डॉक्टर, स्वॅब बघता येईल का?" आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने प्रामुख्याने गाई-म्हशींसाठी चालतात, तिथे ही सोय नसेल तर कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात न्या.

दुसरा प्रश्न पडद्याचा. कानाचा पडदा शाबूत आहे का, हे ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, बघितलं जातं. नळी सुजून बंद असेल तर पडदा दिसतच नाही. अशा वेळी आधी काही दिवस स्टिरॉइड देऊन सूज उतरवायची आणि मग परत बघायचं, ही रीत योग्य आहे. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिन, निओमायसिनसारखी औषधं किंवा क्लोरहेक्सिडिन आत गेलं तर ऐकू येणं आणि तोल दोन्हीला धोका असतो. म्हणून घरात उरलेले जुने थेंब परस्पर घालू नयेत. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारी, स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं तर अजिबात नकोत. त्यांनी दोन दिवस लाली जाते, आणि आत काय वाढलंय ते झाकलं जातं.

तिसरी गोष्ट, स्टिरॉइड सुरू करायच्या आधी अंगावर केस गेलेले चट्टे असतील तर कातडी खरवडून डेमोडेक्स (कातडीत राहणारा सूक्ष्म माइट) आणि गजकर्ण बघून घ्या. बुलडॉगला डेमोडेक्सची खरूज लवकर होते आणि स्टिरॉइडने ती भडकते.

कान धुणं

औषध मळावर पडलं तर वाया गेलं. म्हणून आधी धुणं, मग औषध. लिक्विड कुत्र्यांच्या कानासाठी बनवलेलंच घ्या. पडदा फाटलाय असं सांगितलं असेल तर काय वापरायचं ते डॉक्टर ठरवतील, बहुतेक वेळा निर्जंतुक सलाइन.

बाटली आधी कोमट पाण्याच्या वाटीत दोन-तीन मिनिटं उभी करा. गार लिक्विड कानात गेलं की कुत्र्याला चक्कर आल्यासारखं होतं, आणि एकदा घाबरलेला बुलडॉग पुढच्या वेळी खाटेखालून बाहेर येत नाही. भिंतीकडे त्याची पाठ करून बसवा, घरातलं एक माणूस समोरून छातीला हात लावून बसू दे. मान आवळू नका, त्याला आधीच श्वास कमी पडतो. कानाची पाळी वर आणि किंचित बाहेर ओढा, म्हणजे नळी थोडी सरळ होते. लिक्विड नळी भरून दिसेपर्यंत घाला. बाटलीचं टोक कानाला टेकवू नका. आता कानाच्या मुळाशी, जबड्याच्या मागे, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एक कडक नळी हाताला लागते. ती अर्धा मिनिट हळूहळू चोळा. आत चुळुक चुळुक आवाज यायला हवा. आवाज आला म्हणजे लिक्विड वळणापलीकडे पोचलंय. मग सोडा, त्याला मान झटकू द्या, तेव्हाच आतला मळ वर येतो. बोटाला कापूस गुंडाळून बोट जाईल तेवढंच पुसा. कापूस स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा. प्रत्येक वेळी शेवटी त्याच्या आवडीचं काहीतरी द्या, पण आहाराची परीक्षा (ती पुढे सांगितली आहे) चालू असेल तर त्यातलंच.

दहा-पंधरा मिनिटांनी औषध घाला. किती थेंब, यापेक्षा किती मिलिलिटर ते विचारून घ्या. बुलडॉगएवढ्या कुत्र्याच्या नळीत वळणापर्यंत पोचायला बरेचदा अर्धा ते एक मिलिलिटर लागतं. दोन थेंब तोंडाशीच सुकतात. सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज यासाठी चांगली.

इअरबड आत घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल नको. लसूण घालून कढवलेलं तेल, कडुनिंबाचा रस, हळद हे आजीच्या काळजीपोटी येतं, तिला समजावून सांगा; सुजलेल्या ओल्या नळीत तेल म्हणजे मळाला आणखी चिकटपणा. आणि कानाला हात लावू देत नसेल इतका तो दुखत असेल तर जबरदस्तीने धुऊ नका. आधी सूज उतरू दे.

धुणं किती वेळा, हे मळावर आहे. चालू दुखण्यात डॉक्टर सांगतील तसं, कान शांत झाल्यावर साधारण आठवड्यातून एकदा. रोज उगाच धुतला तर आतली कातडी सतत ओली राहून भिजट होते.

औषध किती दिवस? वास गेला म्हणून थांबवायचं नाही. दोन आठवड्यांनी परत स्वॅब, आणि स्लाइड स्वच्छ येईपर्यंत चालू. अर्ध्यात सोडलेला कान बहुतेक वेळा त्याच जंतूने परत भरतो.

स्टिरॉइड: कोणतं, कशातून, किती दिवस

स्टिरॉइड तीन वाटांनी कुत्र्याच्या अंगात जातं, आणि तिन्हींचा हिशेब वेगळा.

पहिली वाट कानातले थेंब. त्यांत बहुधा डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन ॲसिपोनेट असतं. थेंब असले तरी ते रक्तात थोडंफार शोषलं जातंच. डेक्सामेथासोनचे थेंब बरेच दिवस दोन्ही कानांत चालले तर कुत्रं जास्त पाणी प्यायला लागलेलं दिसू शकतं. मोमेटासोन आणि हायड्रोकॉर्टिसोन ॲसिपोनेट कातडीतच जास्त काम करतात, रक्तात कमी उतरतात. लांबच्या पल्ल्याला म्हणून ते बरे.

दुसरी वाट गोळ्या. कानाच्या सुजेसाठी प्रेडनिसोलोन साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम दर किलोला रोज, असं दिलं जातं. म्हणजे २० किलोच्या इंग्लिश बुलडॉगला १० ते २० मिलिग्रॅम. ते सकाळी, पोटात अन्न असताना. सूज उतरली की डोस टप्प्याटप्प्याने खाली आणून दिवसाआड करतात. दिवसाआड का, हे समजून घ्या. मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथी शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल बनवतात. बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की त्या काम थांबवतात. मधला मोकळा दिवस त्यांना जागं ठेवतो. म्हणूनच दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेली गोळी एकदम बंद करायची नसते. एकदम बंद केली तर सुस्ती, उलट्या, जुलाब, अंग थरथरणं, कधी कोसळणंही होतं. गोळ्या संपल्या आणि मेडिकल बंद, अशी वेळ येऊ देऊ नका.

गोळीऐवजी गोळी परस्पर बदलू नका. डेक्सामेथासोन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनपेक्षा सुमारे सहा-सात पट जोरकस आहे आणि अंगात जास्त वेळ राहतं. "स्टिरॉइडच आहे, हे चालेल," असं दुकानात कोणी म्हणालं तरी डॉक्टरांना फोन केल्याशिवाय घेऊ नका.

तिसरी वाट इंजेक्शन. इथे नाव विचाराच. मिथाइलप्रेडनिसोलोन ॲसिटेट किंवा ट्रायॲमसिनोलोनसारखं लांब पल्ल्याचं इंजेक्शन आठवडेच्या आठवडे अंगात राहतं. गोळी त्रास देऊ लागली तर कमी करता येते. हे एकदा टोचलं की परत काढता येत नाही. वारंवार कान वाहणाऱ्या कुत्र्याला महिन्याच्या महिन्याला असं इंजेक्शन घेणं, हे मी माझ्या ओळखीच्या कोणालाही करू देत नाही. गोळ्या खायला देणं जमत नाही म्हणून इंजेक्शन मागू नका. उकडलेल्या रताळ्याच्या गोळ्यात गोळी लपवली की बुलडॉग ती बघतही नाही.

आणि एक सीमाभागाची खास अडचण. आपल्याकडे एकच कुत्रं बेळगावच्या डॉक्टरला दाखवलं जातं, मग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या ओळखीच्या डॉक्टरला, मग हुबळी-धारवाडला. निपाणी-संकेश्वरकडचे लोक तर सरळ कोल्हापूरच गाठतात. प्रत्येक ठिकाणी कुत्रं पहिल्यांदाच आलेलं, आणि प्रत्येक जण चांगल्या हेतूने स्टिरॉइड देतो. तीन कागद कोणी एकत्र बघत नाही. म्हणून एक वही करा. टोचलेल्या प्रत्येक इंजेक्शनच्या कुपीचा आणि प्रत्येक गोळीच्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा, वहीत तारीख आणि डोस लिहा. नव्या डॉक्टरसमोर बसल्या बसल्या आधी तीच उघडा.

काय अपेक्षित, काय काळजीचं

जास्त तहान, जास्त लघवी, राक्षसी भूक, थोडी धाप, चिडचिड किंवा अस्वस्थपणा हे पहिल्या आठवड्यातच दिसतं आणि डोस उतरला की जातं. रात्री घरात लघवी केली तर रागावू नका, त्याच्या हातात नाही ते. झोपायच्या आधी एकदा जास्त बाहेर न्या. पाणी मात्र कधीच तोडू नका.

पाणी मोजायची सोपी पद्धत. सकाळी मोजून तीन लिटर पाणी भरून ठेवा, दिवसभर त्यातूनच भांडं भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. दर किलोला १०० मिलिलिटरच्या वर गेलं, म्हणजे २२ किलोच्या कुत्र्याने दिवसाला २.२ लिटरच्या पुढे पाणी प्यायलं, तर ते नक्कीच जास्त. स्टिरॉइड चालू असताना हे होऊ शकतं, पण बंद करून बरेच दिवस झाले तरी आकडा उतरत नसेल तर रक्त-लघवी तपासा. मधुमेह आणि लघवीचा जंतुसंसर्ग दोन्ही यात लपतात. स्टिरॉइडमुळे लघवीची जळजळ, ताप ही लक्षणं झाकली जातात, म्हणून कुत्रं बरं दिसत असलं तरी महिनोन्‌महिने स्टिरॉइड चालू असेल तर लघवीचं कल्चर अधूनमधून करून घ्यावं.

भूक वाढते तिथे बुलडॉगच्या मालकाची खरी परीक्षा. तो दीनवाणा चेहरा करून बसणारच. पण बुलडॉगचं वजन वाढणं म्हणजे श्वास आणखी अडणं. आखूड नाक, लांब मऊ टाळू, अरुंद नाकपुड्या, त्यात स्टिरॉइडची धाप आणि वर चरबी, हे चैत्र-वैशाखात अथणी-गोकाकच्या उन्हात जिवावर बेतू शकतं. रोजच्या अन्नाचं माप वाढवू नका. भागवायला काकडी, बिनमिठाची उकडलेली फरसबी, दुधी द्या. फिरवणं पहाटे. वजन दर आठवड्याला घ्या; घरच्या काट्यावर त्याला उचलून उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं, किंवा ओळखीच्या किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर.

आता ज्या खुणा दिसल्या तर थांबून विचार करायला हवा त्या: पोट लोंबणं, डोक्यावरचे आणि मांडीचे स्नायू ओसरणं, कातडी कागदासारखी पातळ होणं, केस विरळ होणं, मानेवर-पाठीवर-जांघेत हाताला खरखरीत पांढरट कडक चकत्या लागणं. त्या चकत्या म्हणजे कातडीत साचलेलं कॅल्शियम. हे सगळं जास्त स्टिरॉइडने होणाऱ्या कुशिंग नावाच्या आजाराचं रूप आहे. घाबरून गोळी त्याच दिवशी बंद करू नका, डॉक्टरांकडे जाऊन हळूहळू उतरवा. रक्ततपासणीत एएलपी हे यकृताशी जोडलेलं एन्झाइम वाढलेलं दिसेल. स्टिरॉइडवरच्या कुत्र्यात ते वाढतंच, तेवढ्यावरून यकृत गेलं असं समजू नका.

उलटीत रक्त किंवा शी डांबरासारखी काळी, हे मात्र तातडीचं. पोटात व्रण झाल्याची खूण. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं आणि स्टिरॉइड एकत्र दिली की हे होण्याची शक्यता खूप वाढते. एका डॉक्टरने लंगडण्यासाठी एक दिलं, दुसऱ्याने कानासाठी दुसरं, असं सहज घडतं. वही इथेही कामाला येते. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कधीही देऊ नका.

थायरॉइडची आणि कातडीवरची ॲलर्जीची तपासणी करायची असेल तर ती स्टिरॉइड चालू असताना करू नका. थायरॉइडचा आकडा स्टिरॉइडने खाली येतो आणि नसलेला आजार असल्यासारखा दिसतो. किती दिवस थांबायचं ते डॉक्टर सांगतील.

मिळालेल्या आठवड्यांत: कारण शोधणं

खाण्याची ॲलर्जी आहे का, हे रक्ततपासणीने भरवशाने कळत नाही. आहाराची परीक्षा हाच खरा मार्ग: किमान आठ आठवडे, त्याने आयुष्यात न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट. कुत्र्यांत ॲलर्जी जास्त आढळते ती गोमांस, दूध, चिकन आणि गहू यांची. आपल्या घरातलं कुत्रं रोज काय खातं? दूध-चपाती, चिकन-भात, चहाबरोबर बिस्किट. म्हणजे संशयित नेमके ताटातच. कधी मासे खाल्ले नसतील तर काटे काढलेले उकडलेले मासे आणि रताळं. बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळं मुबलक पिकतं, कारवार-गोव्याकडचे मासे बाजारात येतात, म्हणजे हा आहार इथे अवघड नाही. मासे खाऊन झाले असतील तर मटण. कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नाही. लहान पिल्लांना असा घरचा आहार चालत नाही, मोठ्यालाही आठ आठवड्यांपुरताच. नाहीतर डॉक्टर हायड्रोलाइज्ड, म्हणजे अगदी बारीक तुकडे केलेल्या, प्रथिनाचा तयार आहार सांगतील. महाग पडतो, पण भरवशाचा.

या काळात बाहेरचं काही म्हणजे काही नाही. बिस्किट नाही, दुधाचा थेंब नाही, पाहुण्यांनी आणलेला कुंदा नाही. गोकाकच्या करदंटात मनुका असतील तर तो परीक्षा नसतानाही नाही, कारण मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना विषारी ठरू शकतात. चवदार केलेली जंताची गोळीसुद्धा विचारून. गणपती-दिवाळी मध्ये येणार असेल तर परीक्षा पुढे ढकला. घरात तीस माणसं येतात, कोण कुठे काय टाकतं ते बघता येत नाही. सुरुवातीला खाज उतरवायला स्टिरॉइड चालतं, पण शेवटचे किमान दोन आठवडे नुसत्या आहारावर गेले पाहिजेत, नाहीतर गुण कशाचा आला ते कळणार नाही. आठ आठवड्यांनी फरक पडला असेल तर जुनं अन्न परत द्या. खाज साधारण दोन आठवड्यांच्या आत परतली तर उत्तर मिळालं. ही शेवटची पायरी लोक गाळतात, "बरं दिसूलालंय, कशाला छेडायचं" म्हणून. पण त्याशिवाय कुत्र्याला जन्मभर काय टाळायचं ते ठरत नाही.

आहाराने फरक पडला नाही, त्रास सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू झाला, पिसवा-गोचिडांचं औषध नियमित आहे, तर वातावरणातली ॲलर्जी गृहीत धरायची. ती पूर्ण बरी होत नाही, सांभाळावी लागते. इथे स्टिरॉइडला पर्याय आहेत: ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या, सायक्लोस्पोरिन, लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, ॲलर्जीच्या लसी. बेळगावात मिळत नसेल ते मागवून घेता येतं का, हे दवाखान्यात विचारा. खर्च जास्त आहे, पण वर्षभर स्टिरॉइड आणि त्यामागून येणारे आजार यांचा हिशेब मांडून बघा. कान शांत असतानाच आठवड्यातून दोन दिवस सौम्य स्टिरॉइडचे थेंब घालून पुढचा उद्रेक टाळायची रीतही आहे. मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण तेवढ्या थोड्या थेंबांत पोटातल्या गोळ्यांचे पूर्ण कोर्स वाचतात.

पावसाळ्यात

कणकुंबी-जांबोटीकडे आणि बेळगाव शहरातही महिनोन्‌महिने हवा ओली. फिरून आल्यावर आधी पंजे आणि तोंडाच्या वळ्या, मग कानाची पाळी कोरड्या सुती कापडाने टिपा. आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका. गेलंच तर कान कोरडा करणारं लिक्विड घाला. अंथरुणाचं पोतं आठवड्याला गरम पाण्यात धुवा. काँग्रेस गवतातून नेऊ नका.

हे दिसलं तर त्याच दिवशी निघा

मान एका बाजूला कलणं, गोल गोल फिरणं, डोळ्यांची बुबुळं झटके देत हलणं, तोंडाची एक बाजू लोंबणं, जबडा उघडताना केकाटणं: दुखणं मधल्या किंवा आतल्या कानात पोचलंय. कानाची पाळी फुग्यासारखी फुगणं म्हणजे झटकून झटकून आत रक्त साकळलंय. तेही लांबणीवर टाकू नका, आणि घरी सुईने फोडू नका.

खोल धुलाई किंवा सीटी स्कॅनसाठी मोठ्या ठिकाणी जायचं ठरलं तर निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: व्हिडिओ ऑटोस्कोप आहे का, आखूड नाकाच्या कुत्र्यांना भूल देण्याचा सराव आहे का, भुलीनंतर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत माणूस शेजारी बसतो का. बुलडॉगला धोका भुलीइतकाच भुलीतून उठताना असतो. भूल देणाऱ्याला गेल्या काही महिन्यांतलं सगळं स्टिरॉइड सांगा, कारण थकलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ऑपरेशनचा ताण पेलत नाहीत आणि त्याची तयारी आधी करावी लागते. प्रवास पहाटेचा, गाडीत एसी, पोट रिकामं ठेवायचं की नाही ते विचारून.

नळी कायमची जाड आणि दगडासारखी कडक झाली असेल, औषध आत शिरतच नसेल, तर संपूर्ण नळी काढून टाकायचं ऑपरेशन उरतं. मोठं आहे, चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याचा धोका आहे, त्या बाजूचं ऐकणं बहुतेक जातं. पण वर्षानुवर्षं कानाच्या ठणक्यात काढलेलं कुत्रं त्यानंतर पुन्हा खेळायला लागतं. सर्जनने ते सुचवलं तर क्रूरपणा समजून उठून येऊ नका, बसून सगळं विचारून घ्या.